निम्म्याचा हिशोब

सुगंधा परातीत तूप आणि पिठीसाखर फेसत होती, तेवढ्यात डब्याला टेकवून ठेवलेला फोन वाजला. हात तुपाने माखलेले, म्हणून तिने करंगळीच्या टोकाने तो घेतला. समोर तिची लेक, शमिका. जर्मनीत अजून नीट उजाडायचे होते. पोरगी गळ्यापर्यंत दुलई ओढून बसली होती आणि दिवा तिच्या पाठीमागे होता, त्यामुळे तोंड काही धड दिसत नव्हते.

आज हॉस्पिटलात जाणार नाही, जरा ताप आहे, असे ती म्हणाली. नर्सलाच ताप येतो म्हणजे काय, असे सुगंधाने चेष्टेत विचारून पाहिले. शमिका हसली, पण ते हसू खोकल्यात गेले.

"मोजलास काय?"

"मोजला ना. एकोणचाळीस पॉइंट पाच," शमिका म्हणाली आणि तिने मान वळवून दुलईचे टोक सारखे केले. "इकडचा आकडा आहे हा. तू काळजी करू नको."

इकडचा आकडा म्हटल्यावर सुगंधाने मनातल्या मनात तो दुप्पट केला. एकोणऐंशी. आपल्याकडे अठ्ठ्याण्णवच्या पुढे गेला तर ताप, हा तर कितीतरी खाली. तिचा जीव भांड्यात पडला. आल्याचा काढा घे, केस ओले ठेवू नको, असे दोन-चार हुकूम सोडून तिने फोन ठेवला आणि पुन्हा तूप फेसायला घेतले.

हे दुपटी-निम्म्याचे गणित शमिकानेच शिकवलेले. पहिल्या पगारातून तिने आईसाठी ओव्हन धाडला होता. पालीच्या स्टँडवर खोके उतरले तेव्हा अर्धी बाजारपेठ ते बघायला जमली होती. सुगंधाने अमेरिकेतल्या एका मराठी बाईचा व्हिडिओ पाहून नानकटाई लावली. ती बाई म्हणाली, साडेतीनशे डिग्री. ओव्हनच्या बटणावर आकडे अडीचशेलाच संपत होते. एवढ्या महागाच्या वस्तूने आपल्याला शंभर डिग्री कमी दिल्या, असे पुटपुटत सुगंधाने बटण टोकाला नेऊन ठेवले. त्या दिवशी जे बाहेर आले ते बघून आप्पा, म्हणजे तिचे सासरे, म्हणाले होते की या भट्टीत कोळसा चांगला पडतो, इस्त्रीवाल्याला विचारून बघ.

शमिका फोनवर पोट धरून हसली होती. मग तिने समजावून सांगितले, की अमेरिकेतली बाई फॅरेनहाइट सांगते आणि आपला ओव्हन सेल्सिअसमध्ये चालतो. आपण अंगातला ताप मोजतो तोही फॅरेनहाइटमध्येच. खरा हिशोब लांबलचक आहे, बत्तीस वजा करायचे, पाचाने गुणायचे, नवाने भागायचे. पण ओव्हनला एवढे नको. त्या बाईने सांगितलेल्याच्या निम्मे कर, झाले. साडेतीनशेचे पावणेदोनशे. तेव्हापासून सुगंधाची नानकटाई अशी जमायला लागली की स्टँडजवळचा दुकानदार आता स्वतःहून बरण्या मागून नेतो.

पिठाचा गोळा झाकून ती पडवीत आली. आप्पा सुपारी कातरत बसले होते. नातीचा फोन म्हटला की त्यांचे कान तिकडेच. काय म्हणते पोरगी, म्हणून त्यांनी विचारले. थोडा ताप आहे, आपल्या हिशोबाने एकोणऐंशी, असे सुगंधाने सांगितले.

आप्पांचा अडकित्ता थांबला.

"एकोणऐंशी? अगो, जित्या माणसाचा आंग एवढा थंड असतो काय?"

सुगंधा आधी हसली. मग तिचे हसू तिथेच राहिले. आप्पांचे म्हणणे खरे होते. अठ्ठ्याण्णवच्या खाली माणूस जातो तरी किती? हातपाय गार पडले तरी एवढे नाही. म्हणजे पोरीने सांगितलेला आकडा चुकला, नाहीतर आपण केलेली दुप्पट चुकली. पोरगी नर्स आहे. तिचा आकडा चुकायचा नाही.

ती तशीच आत गेली. कडाप्प्याच्या ओट्यावर तिने मूठभर मैदा पसरला आणि बोटाने त्यात आकडे काढायला लागली. दहावीला गणितात ती बरी होती. जाताना वजा, गुणिले, भागिले असेल, तर परत येताना सगळे उलटे करत त्याच वाटेने यायला हवे. नवाने गुणून पाचाने भागायचे, मग बत्तीस मिळवायचे. साडेएकोणचाळीस नवे तीनशे साडेपंचावन्न. भागिले पाच, एकाहत्तर आणि वर थोडे. त्यात बत्तीस.

एकशे तीन.

आपल्या गणितावर तिचा विश्वास बसेना. तिने देवळीतल्या डबीतून काचेचा थर्मामीटर काढला आणि खिडकीशी धरला. लग्न होऊन आल्यापासून ती तो बघत आली होती, पण मोठ्या आकड्यांच्या पलीकडे दुसऱ्या कडेला बारीक आकड्यांची आणखी एक ओळ आहे, तिकडे कधी लक्ष द्यायची वेळच आली नव्हती. पदराने काच पुसून तिने डोळे बारीक केले. एकशे तीनच्या समोर, किंचित पुढे, साडेएकोणचाळीसची रेघ होती.

मग तिला सगळे दिसायला लागले. पाठीमागे ठेवलेला दिवा, दुलईच्या टोकाशी केलेला चाळा. ती पोर दिवसभर तापाचेच आकडे लिहीत असते, आईला काय कळेल आणि काय कळणार नाही हे तिला पक्के ठाऊक होते.

सुगंधाला राग आला, खरा राग. कारण शमिका निघाली त्या दिवशी तिने एकच गोष्ट मागितली होती. गेली तीस वर्षे विनोद, तिचा नवरा, मुंबईहून 'बरं हाय' एवढेच सांगत आला होता. एकदा त्याला कावीळ होऊन तो हॉस्पिटलात पडला, तेही हिला कळले तो अर्धा होऊन शिमग्याला घरी आला तेव्हा. म्हणून तिने पोरीकडून वचन घेतले होते, की काहीही झाले तरी खोटे सांगायचे नाही. विनोद तर पोरीला धाडायलाच तयार नव्हता. सुगंधाने हट्ट धरला म्हणून तो गप्प बसला, आणि तेव्हापासून त्याला रक्तदाबाची गोळी लागली होती.

राग आला तसाच तो उतरलाही. पोरीने खोटे कुठे सांगितले होते? वचन अगदी काट्यावर तोलून पाळले होते तिने.

पडवीत येऊन तिने आप्पांना एकशे तीन असे सांगितले. त्यांनी अडकित्ता आणि सुपारी दोन्ही बाजूला ठेवली.

दुपार कलल्यावर सुगंधाने स्वतःच फोन लावला. पोरीला मध्ये झोप मिळावी म्हणून ती एवढा वेळ कशीबशी थांबली होती. नानकटाईचा गोळा झाकलेलाच होता. शमिकाचा आवाज घोगरा होता, पण आता बरे वाटते आहे म्हणाली.

"किती हाय आता?"

"कमी झालाय, आई. अडतीस पॉइंट पाच."

सुगंधाने ओट्यावरच्या मैद्यात बोट फिरवले. पलीकडे शमिका वाट बघत राहिली.

"म्हणजे एकशे एक. आणि सकाळी एकशे तीन होता तुला."

फोनवर दुलईची सळसळ ऐकू आली.

"तू निम्म्याचा हिशोब नाही केलास?" शमिकाने विचारले.

"निम्मं भट्टीला चालतं गो. माणसाला नाय चालत."

तेव्हा शमिका रडली. रडत रडत तिने सगळे सांगितले. ताप कालपासून होता. डॉक्टरकडे जाऊन आली होती, साथीचा ताप आहे, औषध चालू आहे. पण तिच्या खोलीतली दुसरी मुलगी ड्यूटीवर गेली, आणि ही सकाळी उठून पाणी घ्यायला गेली तर पाय थरथरत होते. तेव्हा तिला वाटले, आपण इथे पडलो तर कोणाला कळणारही नाही. म्हणून तिने आईला फोन लावला होता.

सुगंधाला त्या खोलीत हात घालून पोरीच्या कपाळावर ठेवावासा वाटला. ते होणारे नव्हते. मग तिने खोलीतल्या मुलीला फोन करायला लावले, उशाशी पाण्याची बाटली आणून ठेवायला लावली, आणि ती परत दुलईत शिरेपर्यंत फोन बंद करू दिला नाही.

"बाबांना नको सांगू," शेवटी शमिका म्हणाली. "त्यांचं बीपी वाढेल."

"मी खोटं नाय बोलणार," सुगंधा म्हणाली. "तुला नाय बोलू दिलं, मग मी कशी बोलू?"

संध्याकाळी रात्रपाळीला निघायच्या आधी विनोदचा फोन आला, रोज येतो तसा. पण आज त्याने आप्पांची चौकशी केली नाही की मोहोर कसा आहे विचारले नाही. शमिकाने दोनदा फोन उचलला नाही, म्हणाला. तिला काही झालेय काय, ते सरळ सांग.

"ताप हाय तिला," सुगंधा म्हणाली.

"किती?"

एवढ्याशा शब्दात त्याला धाप लागल्यासारखी वाटली. सुगंधाने ओट्याकडे पाहिले. मैद्यातले आकडे तसेच होते, दोन्हीकडचे. दारात आप्पा येऊन उभे राहिले होते.

"साडेअडतीस," ती म्हणाली.

विनोदने सोडलेला श्वास तिला मुंबईहून स्वच्छ ऐकू आला.

"हात्तिच्या. शंभराच्या कितीतरी खाली हाय की. मी उगाच दुपारपासून जीव टांगणीला लावून बसलोय. डोळ्याला डोळा नाय."

"औषध घेतलान. झोपली हाय आता."

"मग मीपण जरा पडतो. निघायला वेळ हाय अजून."

"पडा," सुगंधा म्हणाली.

फोन ठेवून तिने तळहाताने ओट्यावरचा मैदा सारखा केला आणि सकाळपासून राहिलेला पिठाचा गोळा उघडला. ओव्हनचे बटण पावणेदोनशेवर नेताना तिने दाराकडे पाहिले नाही.

आप्पांनी गालातली सुपारी दुसऱ्या गालात सारली.

"भट्टी तापली काय बघ," ते म्हणाले आणि पडवीत जाऊन बसले.