मेणबत्तीसकट आलेला कुत्रा

स्मारांदाच्या फाटकाशी कुत्री नेहमी रात्रीच यायची. स्वतःच्या पायांनी नव्हे. खोक्यातून, पोत्यातून, एकदा तर बाळाच्या ढकलगाडीतून. सकाळी फाटक उघडलं की खोकं हजर. आणि खोकं ठेवून पळणारा कोण, तर रविवारी चर्चमध्ये तिच्याच शेजारी उभा राहून गोड आवाजात विचारणारा, "काय स्मारांदाबाई, काय म्हणतात तुमची लेकरं?" तेरा वर्षं हे असंच चाललेलं. म्हणून फिलोफ्तेया भर दुपारी, तोंड न लपवता, हातात पेटलेली मेणबत्ती घेऊन आली, तेव्हा स्मारांदाला कसलाच संशय आला नाही.

शिवाय ती दमलेली होती. दमलेल्या माणसाला संशय घ्यायचाही कंटाळा येतो.

अंगणात तेव्हा शेवटची अकरा कुत्री उरली होती, आणि अकराच्या अकरांना जर्मनीत घरं मिळालेली होती. साडेतीन आठवड्यांनी तुदोरची गाडी येणार, अकरा जणांना घेऊन जाणार, आणि त्याच दिवशी दहाच्या बसने स्मारांदा थोरल्या बहिणीकडे, आग्लायाकडे, कोन्स्तांत्साला समुद्रावर जाणार. गुडघे डॉक्टरला दाखवायचे, झोपायचं, आणि सकाळी भुंकण्याऐवजी पाण्याचा आवाज ऐकायचा. चौथ्या मजल्यावरचा दोन खोल्यांचा संसार होता आग्लायाचा. इमारतीत कुत्र्याला बंदी. स्मारांदाला ती बंदी औषधासारखी वाटायची. वसंतापासून तिने फाटकावर पाटीच लावली होती: जागा नाही. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी त्या पाटीखाली दोन पिल्लं ठेवून गेलं होतं. पण ती तिने घेतली नाहीत. म्हणजे घेतली, पण मनात मोजली नाहीत.

तर त्या दुपारी ती बादल्या घासत होती. फिलोफ्तेया काळ्या कपड्यांत, डोक्याला काळा रुमाल. तिच्या नवऱ्याला, पांदेलेला, जाऊन त्या दिवशी चाळीस दिवस झाले होते. तिच्या अंगणात पंगत उठली होती आणि अर्धं गाव अक्रोड-साखर घातलेली गव्हाची खिरापत खाऊन घरी गेलं होतं. हातात वेणीचा पाव, पावात खोचलेली मेणबत्ती, खाली लोंबणारा नवा कोरा पंचा. तिने ते सगळं पुढे केलं.

"देवाने पांदेलेच्या नावावर मांडावं," ती म्हणाली.

"बोग्दाप्रोस्ते," स्मारांदा म्हणाली आणि ओल्या हातांनी घेतलं.

असं कुणी मेणबत्ती पुढे केली की हा शब्द, म्हणजे 'देव क्षमा करो', तोंडातून जातोच. शिंकेसारखा. आईच्या कडेवर असल्यापासून तो येतो. आणि एकदा शब्द गेला की दिलेली वस्तू तुमची. ती या बाजूला तुमच्या हातात राहिली की त्या बाजूला गेलेल्याला मिळते. भांडं, रजई, चमचा, कोंबडी. माणूस इथे जे वापरतो ते तिकडे त्याला पोचतं.

पंचा जरा जड लागला. स्मारांदाने ओढला, तर पंच्याने उलट ओढ घेतली. दुसरं टोक एका मोठ्या, राखाडी, फाटक्या कानाच्या कुत्र्याच्या गळ्यात बांधलेलं होतं.

"हे काय?"

"उर्सू."

"उर्सू आहे ते दिसतंय मला. फिलोफ्तेया, कुत्रा कुणी दानात देतं का?"

"कोंबडी चालते, मेंढरू चालतं. पांदेलेने जन्मात कोंबडीकडे ढुंकून पाहिलं नाही. तिकडे कोंबडी घेऊन करील काय तो? याला होडीत घालून रोज नदीवर जायचा."

"मी घेणं बंद केलंय. पाटी आहे फाटकावर."

"मला वाचता येतं बाई. म्हणून तर मेणबत्ती आणली."

स्मारांदा बादली पालथी घालून तिच्यावर बसली. उर्सूही बसला, घाईने नाही, सांध्यांना विचारत विचारत, म्हाताऱ्या माणसासारखा. आतून अकरा जणांनी गोंधळ मांडला होता. त्याने तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

"खरं सांग," स्मारांदा म्हणाली. "हे दान आहे की टाकणं आहे?"

फिलोफ्तेयाने थोडा विचार केला. तशी ती खोटं बोलणाऱ्यातली नव्हती. "दोन्ही," ती म्हणाली. "रविवारी मी लेकीकडे इटलीला चालले. जावयाला कुत्र्याने शिंका येतात. पण पांदेले तिकडे एकटा आहे, हे काही मी रचून सांगत नाही." तिने डोळे पुसले, मग उर्सूच्या फाटक्या कानाची माती पुसली, आणि वळून गेली. कुत्रा तिच्यामागे निघाला नाही. तो नदीच्या बाजूला तोंड करून बसून राहिला.

*

दुसऱ्याच दिवशी स्मारांदाने उर्सूला जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. रेबीजची लस टोचली, मानेत चिप बसवली, पासपोर्ट काढला. लस टोचल्यावर एकवीस दिवस थांबावं लागतं, मगच सीमा ओलांडता येते. तिने बोटांवर मोजलं: गाडीच्या दिवसापर्यंत बसत होतं. दोन दिवस उरतही होते. तिने फोटो काढून पाठवला, आणि चार दिवसांत कासेल गावच्या एका बाईने त्याला मागितलं. सत्तरीची, एकटी, घरासमोर बाग, आणि मुद्दाम म्हातारा कुत्रा हवा असलेली. असं घर वर्षातून एकदा निघतं. लोकांना पिल्लं हवी असतात; नाहीतर तीन पायांची कुत्री, कारण तीन पाय फोटोत चांगले दिसतात. चार दुखरे पाय कुणाला नको असतात.

फिलोफ्तेया इटलीला गेली होती. कुणी विचारणार नव्हतं, कुणाला कळणारही नव्हतं. तरी स्मारांदा फादरकडे गेलीच.

"चर्चच्या हिशेबात कुत्र्याचं दान नाहीच," फादर म्हणाले. "पाव, वाइन, कपडे. कुत्रा त्यात बसत नाही. खुशाल पाठवा."

"बरं झालं, फादर."

ती दारापर्यंत पोचली तोच मागून आवाज आला. "पण तो शब्द तुम्ही म्हणालात का?"

"म्हणाले."

फादरांनी दाढी खाजवली. "म्हणायला नको होतंत," ते म्हणाले.

घरी येताना झाम्फिरच्या दारावरून जावं लागतं. झाम्फिर हा तिचा शेजारी. बाकावर बसून सूर्यफुलाच्या बिया फोडत होता. त्याने नेहमीप्रमाणे टोपी वर केली, तिने नेहमीप्रमाणे मान वळवली. नऊ वर्षं ती त्याच्याशी बोलत नव्हती. नऊ वर्षांपूर्वी तिचा नवरा इलारिये गेला, तेव्हा चाळिसाव्या दिवशी तिने त्याचा लोकरीच्या अस्तराचा तपकिरी कोट झाम्फिरला दिला होता. उंची सारखी होती म्हणून. झाम्फिर "बोग्दाप्रोस्ते" म्हणाला आणि पुढच्याच गुरुवारी कोट बाजारात विकून मोकळा झाला. जानेवारीत बसथांब्यावर एका परक्या माणसाच्या अंगावर तिने तो पाहिला. डाव्या बाहीला तिनेच लावलेलं ठिगळ. ती काय बोलणार? काढा तो, माझा नवरा गारठतोय, म्हणून? स्वप्नं वगैरे तिला पडली नाहीत, तशी ती त्यातली नव्हती. पण त्या हिवाळ्यात चुलीत कितीही लाकडं घातली तरी घर तापलं म्हणून नाही.

"कोटाला घर मिळालं, आणि चांगलं मिळालं," असं तेव्हा झाम्फिर लोकांना सांगत होता. ते आता तिला आठवलं, आणि आठवायला नको होतं.

*

तुदोर सकाळी सहाला आला. दहा वर्षं हा माणूस महिन्याला दोनदा जर्मनीला कुत्री पोचवत होता. स्वतःच्या घरी त्याने मांजर ठेवलं होतं.

"मावशी, शेवटची खेप! केक कुठाय?"

"तुझ्या डोक्यात. चल, हात लाव."

अकरा कुत्री चढायला पाऊण तास लागला. प्रत्येकाचा पासपोर्ट, प्रत्येकाचा पिंजरा, प्रत्येकाच्या कानामागे एकदा खाजवणं. ते शेवटचं तिने तेरा वर्षांत कधी चुकवलं नव्हतं आणि कधी लांबवलंही नव्हतं. घराच्या पायरीवर तिची बॅग भरून तयार होती. मग ती उर्सूला घेऊन आली.

"हा बारावा," ती म्हणाली. "कासेलचा."

तुदोर वाकला आणि थांबला. "गळ्यात पंचा कसला?"

पंचा काढायचा राहिला होता. चोवीस दिवस राहिला होता. "दानाचा," ती म्हणाली.

तुदोरने हात मागे घेऊन खिशात घातले. "हे मला सांगायला नको होतंत, मावशी. पुढे डोंगर ओलांडायचेत मला."

"तू कशाला घाबरतोस? शब्द मी दिलाय."

"मग तुम्हीच चढवा." त्याने सिगारेट पेटवली आणि दुसरीकडे बघायला लागला.

कुत्री उचलण्यात तिचा जन्म गेला होता. पण हा उचलायच्या आधीच पुढे झाला. त्याने पुढचे दोन पाय गाडीच्या काठावर ठेवले आणि मान वळवून थांबला. कुणीतरी मागून हात द्यायची वाट बघत. शेपूट हळूहळू हलत होती. चोवीस दिवसांत पहिल्यांदाच हलत होती. पांदेले त्याला होडीत असाच चढवत असणार: पुढचे पाय त्याचे, मागचे पाय पांदेलेचे.

स्मारांदाने त्याच्या मांड्यांखाली हात घातले. नुसतं वर ढकलायचं होतं. कासेलची बाग, म्हातारी बाई, मऊ गादी. इकडे बस, समुद्र, झोप. सगळ्यांचं भलं होणार होतं, आणि हेच वाक्य झाम्फिरच्या तोंडी अगदी शोभलं असतं.

तिने त्याला खाली घेतलं. गुडघ्यातून कळ गेली ती थेट दाढेपर्यंत.

"त्या बाईला काय सांगू?" तुदोरने विचारलं. आश्चर्य त्याला मुळीच वाटलेलं दिसलं नाही.

"मीच फोन करते. तो दुसऱ्याचा आहे म्हणून सांगते. चुकून पाठवत होते."

"म्हातारी रडेल हो. वाटेत एखादं म्हातारं दिसलं तर टाकू का पिंजऱ्यात? कागद तर आहेत तयार."

"तुदोर, नीघ आता."

तो निघाला. रिकाम्या पिंजऱ्याचं दार वळणापर्यंत आपटत राहिलेलं ऐकू आलं.

मग तिने बहिणीला फोन लावला. आग्लायाने सगळं ऐकून घेतलं. हे वाईट लक्षण.

"म्हणजे मेलेल्या पांदेलेला दिलेला शब्द तू पाळणार," आग्लाया म्हणाली. "आणि मी जिवंत आहे, मला दिलेला?"

"तू जिवंत आहेस ताई. तुला ओरडता तरी येतं."

मग आग्लाया ओरडली. बराच वेळ. स्मारांदा फोन कानाशी धरून पालथ्या बादलीवर बसून राहिली. ते ऐकणंही तिला तिचं देणंच वाटत होतं. शेवटी आग्लायाने विचारलं, "किती वय आहे त्या मेल्याचं?"

"नऊ असेल. दहा."

"म्हणजे अजून चार-पाच वर्षं. तेवढे गुडघे टिकतील का तुझे?"

"त्याचे टिकले तर माझेही टिकतील."

"घेवड्याचं सूप केलं होतं मी," आग्लाया म्हणाली आणि फोन ठेवला.

अंगण इतकं शांत कधी नव्हतं. कुत्र्यांच्या अकराही खोल्यांची दारं सताड उघडी. उर्सूने एकीतही डोकं घातलं नाही. तो फाटकाशी जाऊन नदीकडे तोंड करून बसला. दहाला बसचा भोंगा वाजला आणि बस पुलाकडे निघून गेली. स्मारांदाने बॅगेतून प्रवासासाठी बांधलेला पाव काढला, अर्धा स्वतः खाल्ला, अर्धा त्याला दिला.

"पांदेले," ती मोठ्याने म्हणाली, ऐकायला कुणी नाही हे बघून. "पहाटे तिकडे तूच ने त्याला नदीवर. इथे आठच्या आत मी उठायची नाही, आधीच सांगून ठेवते."

नाव ऐकून उर्सूचा धडका कान उभा राहिला. तो उठला, फाटकाला नाक लावलं आणि तिच्याकडे बघत राहिला.

"आत्ता?" ती म्हणाली. "अरे, आत्ता तर बसले मी."

तो बघतच राहिला. स्मारांदाने एक मोठा सुस्कारा सोडला, काठी शोधली आणि पंच्याचं टोक हातात घेतलं.