मास्तरांचं कोपर

टेलरमास्तरांच्या हातात जादू आहे, असं गिऱ्हाइकं म्हणत. कोपरावर काय आहे, ते मात्र एका वकिलानं शोधून काढलं. काळ्या कोटाची ट्रायल चालली होती. मास्तरांनी बाह्या सरसावल्या, तशी वकिलांची नजर लाल, खपल्या धरलेल्या कोपरावर गेली आणि एका बाहीच्या कोटानिशी ते दोन पावलं मागं सरकले.

"हे लागत तर नाही ना?"

दुकानातला भागीदार मेहुणा. त्यानं वेळ दवडला नाही. "दाजी, उद्यापासून तुम्ही आत बसा. कटिंग करा. ट्रायल मी घेतो."

ट्रायल म्हणजे मास्तरांचा जीव की प्राण. सुटलेल्या पोटाला चार टाचण्यांत रुबाब आणायचा सोडून पडद्याआड कापड कापत बसायचं? तणतणत ते त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले.

"सोरायसिस," बाई म्हणाल्या. "एकाचा दुसऱ्याला होत नाही. मुळापासून जात नाही, पण ताब्यात राहतो. नवी कातडी तयार व्हायला महिना लागतो. तुमचं शरीर ती चार-पाच दिवसांत उरकतंय."

"म्हणजे अर्जंट ऑर्डर!"

"मग फिनिशिंग कसं येणार?"

मास्तरांना एकदम पटलं.

"पण हे मनगटावर नवीन कसं? खपल्या ओढता का?"

मास्तरांनी बाही खाली केली. सुटा धागा दिसला की ओढायचा, ही तीस वर्षांची सवय. तो कापडाचा की कातडीचा, याची चौकशी बोटं करत नव्हती.

"ओढाल तिथं नवीन उगवेल. मलम रोज. बरं वाटलं म्हणून मनानं बंद करायचं नाही."

घरी बायकोनं पहारा बसवला. बोटं कोपराकडे वळली की स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "अहो, हात!" भिंतीपलीकडून तिला कसं दिसायचं, हे मास्तरांना शेवटपर्यंत कळलं नाही.

तीन आठवड्यांत डाग फिकटले. गेले नाहीत. वकील पुन्हा ट्रायलला आले.

"पाठीत काहीतरी गोळा झालंय हो," पडद्यापलीकडून ऐकू आलं.

"अंगावर बसतं हळूहळू," मेहुणा म्हणाला.

मास्तरांनी डोकावलं. वकिलांना वशिंड फुटलं होतं. मास्तरांना राहवेना. बाह्या तशाच सरसावलेल्या ठेवून ते बाहेर आले.

"सोरायसिस आहे. तुम्हाला लागणार नाही, मला सोडणार नाही. कोट दहा मिनिटांत बसवतो. करू?"

वकिलांनी आरशात पाठ पाहिली. मग कोपर पाहिलं. दोन्हींत पाठ जास्त भयंकर होती.

"या," ते म्हणाले.

"दाजी," मेहुणा हळूच म्हणाला, "टाचण्या देऊ?"