झोप्याची घोंगडी

सोळा डिसेंबर उजाडला की डॉन इलारिओ पाकातल्या पुऱ्यांचं ताट घेऊन रेफुहियाच्या दारात उभा राहायचा आणि तिच्या बापाची घोंगडी मागायचा. सोलेदाद गावात ही रीत एक्केचाळीस वर्षं चालत आली होती. नाताळच्या नाटकातल्या झोप्याची घोंगडी मेलेल्या माणसाच्या घरातच राहायची आणि दरवर्षी मागूनच न्यायची. न मागता नेली तर खेळ पडतो, असं सगळे म्हणत. देणारीला नाही म्हणायची सोय आहे का, हे कुणी कधी विचारलं नव्हतं.

झोप्या म्हणजे गावाचा जीव की प्राण. देवदूत येऊन सांगतो, बाळ जन्मलं, उठा. बाकीचे मेंढपाळ धावत सुटतात आणि हा घोंगडीत घोरत पडतो. हलवलं की तीनदा खोकतो आणि कूस बदलतो. त्या खोकल्याला गाव पोट धरून हसतं. घरोघरी नाताळच्या देखाव्यात बाळ येशूच्या पायाशी मातीचा झोप्या असतो, तोंडावर टोपी घेतलेला. एकट्या रेफुहियाच्या घरात तो नव्हता.

कारण झोप्या तिचा बाप होता. सेनोबियो चांदीच्या खाणीत सुरुंगाची भोकं पाडायचा. एकोणीस वर्षं त्याने दगडाची धूळ खाल्ली आणि मग धुळीने त्याला खाल्लं. शेवटच्या हिवाळ्यात आडवं झालं की त्याचा श्वास अडायचा, म्हणून रात्र रात्र भिंतीला टेकून खोकत बसायचा. त्या साली नाटकात एक मेंढपाळ कमी पडला, तेव्हा नाटक बसवणाऱ्या इलारिओने आपल्या या जिवलग दोस्ताला उभं केलं. रेफुहिया अकरा वर्षांची होती, कागदी पंख लावून देवदूतांच्या रांगेत. मोठा देवदूत बोलत असतानाच सेनोबियो मक्याच्या पोत्याला टेकला आणि झोपून गेला. कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले.

मार्चमध्ये तो गेला. पुढच्या डिसेंबरात इलारिओने ती झोप नाटकात घातली, खोकल्यासकट. ते पहिलं हसू बायकांच्या बाकावरून आलं होतं, असं रेफुहिया जन्मभर सांगत आली.

यंदा ताट खाली ठेवायच्या आधीच म्हातारा बोलायला लागला. ऐंशी उलटली तरी नाटकाचं नाव काढलं की त्याच्या अंगात वारं शिरायचं.

"कुका," लाडाच्या नावानं हाक मारत तो म्हणाला, "खाणीच्या फाटकाशी तुझ्या बापाचा पुतळा बसतोय. खेळ संपला की पडदा तू ओढायचास."

"आणि खाली काय लिहिलंय, पाद्रिनो?" बाप्तिस्म्याला याच माणसाने तिला हातांवर घेतलं होतं, तो तिचा धर्मबाप होता, त्यामुळे कितीही राग आला तरी पाद्रिनो म्हणणं भाग होतं.

"'सोलेदादचा सर्वांत आळशी आणि सर्वांत सुखी माणूस.' माझंच वाक्य आहे."

"आळशी."

"प्रेमानं गं."

"पहाटे चारला ज्या फाटकात उभा असायचा, तिथंच आळशी म्हणून आडवा पाडताय त्याला. लाज कशी वाटत नाही तुम्हाला?"

"ऐक पोरी. खऱ्या सेनोबियोला लोक इस्टरपर्यंतसुद्धा लक्षात ठेवणार नव्हते. माझ्यामुळे तो एक्केचाळीस वर्षं जगला."

"जगला कुठला? दर डिसेंबरात पुन्हा खोकून मरतो, आणि वर तुम्ही गोड घेऊन येता. पाटी बदला."

"दगडात कोरलीय ती."

"मग मी बोलणार. मांडवात, सगळ्यांसमोर. ही अट कबूल असेल तर न्या घोंगडी."

"बोल की. तुझं तोंड कुणी धरलंय?" इलारिओने घोंगडी खांद्यावर टाकली. पुऱ्या तिने कोंबड्यांना घातल्या.

चोवीस तारखेच्या दुपारी चर्चचं अंगण माणसांनी फुललं होतं. झोप्या दुसऱ्यांदा खोकला तशी रेफुहिया उठली आणि थेट रंगमंचावर चढली. 

"हा आळस नव्हता," ती म्हणाली. "माझ्या बापाची फुफ्फुसं दगड झाली होती. रात्री आडवं होता येत नव्हतं त्याला. तुम्ही ज्याला हसता तो मरायला टेकलेला माणूस आहे. तुमच्यातल्या निम्म्यांचे बाप असेच गेलेत, आणि तुम्हाला हे ठाऊक आहे."

अंगण चिडीचूप झालं. क्षणभर तिला वाटलं, पोचलं. एवढ्यात तिसऱ्या बाकावर म्हातारा लिबोरिओ खोकला. तोही खाणीतलाच, त्याची ढास खरी होती आणि थांबत नव्हती. लोकांना वाटलं, यंदा खेळात नवीन भर घातलीय. मागून कुणीतरी फिसकन हसलं आणि हशा असा उसळला की लिबोरिओही डोळे पुसत त्यांच्यात सामील झाला. टाळ्या पडल्या. झोप्या तिसऱ्यांदा खोकला आणि त्याने कूस बदलली.

खेळ संपल्यावर पडद्याआड इलारिओ स्टुलावर बसला होता. त्याच्या चेहऱ्यावर विजयाचं काही नव्हतं.

"सगळं खरं बोललीस," तो म्हणाला. "फक्त ते पहिलं हसू सोडून. मी हसू लिहिलं, कबूल. पण ते मी ऐकून लिहिलं. पुस्तक हातात धरून मी देवदूतांच्या रांगेला खेटून उभा होतो, कुका. बायकांचा बाक लांब होता."

झोप्याने काढून ठेवलेली घोंगडी रेफुहियाने उचलली.

"आठ रात्री तो झोपला नव्हता," ती म्हणाली. "आणि तिथं एकदम झोपला. घोरला. मला इतकं बरं वाटलं, पाद्रिनो. म्हणून हसले मी."

"असेल. पण लोकांना हसू ऐकू आलं. बरं वाटलेलं कुणाला ऐकू येतं?"

"इतकी वर्षं का नाही बोललात?"

"तू दरवर्षी घोंगडी देत होतीस ना. तेवढी कबुली मला पुरे होती," इलारिओ म्हणाला.

बाहेर बँड सुरू झाला आणि पुतळ्यासाठी तिच्या नावाचा पुकारा झाला. तिने घोंगडीची घडी केली, काखेत धरली आणि गर्दीबरोबर फाटकापर्यंत चालत गेली. दोरी तिच्या हातात दिली, ती तिने ओढली. दगडाचा बाप तोंडावर टोपी घेऊन झोपला होता.

त्याला मान द्यायला गावाने तीनदा खोकून दाखवलं. सुरुवात कुणी केली, ते रेफुहियाने वळून पाहिलं नाही.