सहा नंबरचं रक्त

गोवराच्या लसीवर काम करणाऱ्या त्या प्रयोगशाळेत एकोणीस वर्षं सगळ्या मुलांचं माप ताईंच्या रक्ताने घेतलं जात होतं. लस टोचलेल्या मुलाच्या रक्तात गोवराला अडवायची ताकद किती, हे नुसतं बघून सांगता येत नाही. शेजारी एक पारखलेलं रक्त ठेवावं लागतं, तराजूत वजन ठेवतात तसं. हे वजन म्हणजे ताईंच्या हातातून एकदा काढलेलं आणि शेकडो चिमुकल्या कुप्यांत गोठवून ठेवलेलं रक्त. ताई पाच वर्षांच्या असताना गोवराने मरता मरता वाचल्या होत्या, आणि असा आजार काढलेल्या माणसाचं रक्त सहसा जबरदस्त निघतं.

बाकी ताईंच्या पदरात फारसं काही पडलं नव्हतं. बढती दोनदा तोंडाशी येऊन गेली. शोधनिबंधांवर नाव यायचं ते पाचवं नाहीतर सहावं. पण हे एक होतं. फ्रीजर उघडताना कोणी म्हणालं, "चला, ताईंना बाहेर काढा," की त्या वरून रागवायच्या आणि आतून फुलायच्या.

आता कुप्या संपत आल्या होत्या. ताईंपेक्षा दहा वर्षांनी लहान असलेल्या सरांनी ठरवलं, की प्रयोगशाळेतल्या आठ जणांनी ताजं रक्त द्यायचं, आणि ज्याचं सगळ्यांत सरस ठरेल ते पुढचं माप. नळ्यांवर नावं नाहीत, फक्त एक ते आठ नंबर. कोणता नंबर कोणाचा, ती यादी कारकुनाच्या कुलपात.

"आणि मोजणार तुम्हीच, ताई," सर म्हणाले. "तुम्हीच रक्त द्यायचं आणि तुम्हीच मोजायचं हे नियमात बसत नाही, मला कळतं. पण तुमच्यासारखी नजर इथे कोणाची आहे? आणि नंबर तुम्हालाही ठाऊक नसणारच."

आठांत नवीही होती. नवी म्हणजे काही कालची नव्हे, तीन वर्षं झाली होती येऊन. पण ताईंच्या लेखी ती नवीच. अठ्ठावीस वर्षांची, तरतरीत, आणि जिथे हात घालील तिथे यश. ज्या मासिकाने ताईंचा लेख दोनदा साभार परत पाठवला, त्याने हिचा पहिलाच लेख छापला. सगळ्यांना छळणारं जुनं यंत्र हिच्या हाताखाली गरीब गाईसारखं वागायचं. सर ताईंशी बोलताना घड्याळ बघायचे, हिच्याशी बोलताना चहा मागवायचे.

पण खरं पोटदुखीचं कारण वेगळंच होतं. एकदा चहा पिताना नवी हसत म्हणाली होती, "मला ना, आजारपण म्हणजे काय ते माहीतच नाही. लहानपणी आईने सगळ्या लसी वेळेवर टोचून घेतल्या, बस. साधी सर्दीसुद्धा होत नाही मला!" ताईंनी उरलेला चहा बेसिनमध्ये ओतला. मुलांना काही होऊ नये म्हणून तीस वर्षं राबलेल्या बाईला, जिला खरोखरच काही झालं नाही अशी एक मुलगी डोळ्यांसमोर नको होती. हे किती विचित्र आहे ते ताईंना कळत नव्हतं असं नाही. कळून जळफळाट थांबतो थोडाच!

रक्त द्यायच्या दिवशी सगळ्यांनी उपाशीपोटी यायचं होतं. नवी आली सगळ्यांत शेवटी, तोंडातलं चघळत आणि ओठ पुसत. नर्सने दटावलं तर म्हणाली, "अगदी एकच घास हो!" ताई मात्र आदल्या रात्रीपासून पाण्याच्या घोटावर होत्या.

दुसऱ्या दिवशी नळ्या ताईंच्या टेबलावर आल्या. सात नळ्यांतला द्रव नितळ, पिवळसर. सहा नंबरचा मात्र तांदळाच्या धुवणासारखा गढूळ. खाऊन आलेल्या माणसाच्या रक्तात चरबी उतरते आणि ते असं दिसतं, हे तिथला शिपाईसुद्धा सांगू शकला असता. ताई मनात म्हणाल्या, सापडलीस!

प्रत्येक नंबरच्या रक्तात गोवराचा विषाणू मिसळून ओतलेल्या तबकड्या आठवड्याने तयार झाल्या. तबकडीच्या प्रत्येक खळग्यात पेशींचा जांभळा थर असतो. विषाणू जिथे जिंकतो तिथे त्या थराला बारीक छिद्र पडतं. छिद्रं जितकी कमी, तितकं रक्त सरस. ताईंनी दिवा ओढला आणि भिंगातून मोजायला सुरुवात केली. एक नंबर, बावीस छिद्रं. दोन नंबर, अकरा. तीन, चार, पाच यांची गत एकाच्या पठडीतली. मग सहा. पहिल्या खळग्यात चार, दुसऱ्यात पाच, तिसऱ्यात तीन.

म्हणजे हेही हिलाच! लेख हिला, सर हिला, आणि आता यापुढची सगळी मुलं हिच्या रक्ताने मोजायची! दंडात दोन टोचण्या घेऊन ऐटीत वाढलेल्या मुलीच्या! आजार काढलेल्याचं रक्त जबरदस्त निघतं, हे आयुष्यभर दुसऱ्यांना शिकवणाऱ्या बाईला त्या क्षणी ते आठवलं नाही. ताईंनी पेन उचललं आणि चारच्या आधी एक काढला. पाचच्या आधी एक. तीनच्या आधी एक. झाले चौदा, पंधरा, तेरा. सात आणि आठ मागेच होते; आता दोन नंबर पहिला येणार होता, आणि दोन नंबर आपलाच, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

घरी ऐंशीची आई ताट वाढून बसली होती. ताईंनी दोन घास चिवडले.

"कोण पुढे गेलं आज तुझ्या?" आईने विचारलं.

"कोणी नाही गं. भूक नाही."

"शेजारणीच्या मुलीची वेणी तुझ्यापेक्षा लांब म्हणून दोन दिवस जेवली नव्हतीस. तेव्हाही भूक नाही असंच म्हणालीस."

ताई ताट उचलून उठल्या.

बैठकीत कारकुनाने यादी उघडली. "दोन नंबर," त्याने वाचलं आणि नवीकडे बोट केलं. ताईंना आपण नीट ऐकलं यावर विश्वास बसेना. यादी पुढे सरकली. "सहा नंबर, ताई."

"तरीच!" नर्स म्हणाली. "उपाशी असून इतकं गढूळ? ताई, चरबी तपासून घ्या बाई, हयगय करू नका."

ताईंचे कान तापले. आपल्याच हाताने आपलंच नाव खोडून त्या मोकळ्या झाल्या होत्या, आणि माप नवीचं ठरलं होतं. तेवढ्यात नवी चाचरत म्हणाली, "सर, दुसऱ्याने पुन्हा मोजायचा नियम आहे म्हणून मी सकाळी सगळ्या तबकड्या बघितल्या. सहा नंबरला मला चार, पाच, तीन आलं. माझंच चुकलं असेल म्हणून तीनदा मोजलं." मग तिच्या लक्षात आलं आणि तिचा चेहरा उजळला. "म्हणजे ताईंचंच सगळ्यांत सरस! मला वाटलंच होतं!"

सरांनी तबकडी दिव्याखाली धरली. "खरंच की. ताई, नजर चुकली असेल. चष्म्याचा नंबर वाढला असणार."

नुसतं हो म्हणायचं होतं. माप राहिलं असतं, अब्रू राहिली असती. पण ते नवीच्या हातून घ्यायचं? तिच्या त्या आनंदासकट? आणि वर आपली नजर गेली हे तिच्यासमोर कबूल करायचं? ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"माझी नजर शाबूत आहे," त्या म्हणाल्या. "मी बरोबर मोजलं आणि मुद्दाम चुकीचं लिहिलं. मला वाटलं, ते हिचं आहे."

सर तबकडी खाली ठेवत हळू आवाजात म्हणाले, "रक्त तुमचंच राहील, ताई. त्याचा काही दोष नाही. पण मोजणी आजपासून ही करेल."

ताई आपल्या खोलीत येऊन टेबल आवरू लागल्या. नवी दारात येऊन उभी राहिली. तिचे डोळे भरले होते.

"का, ताई? मी काय केलं होतं तुमचं?"

"काही नाही. तुला कधी काही झालं नाही, म्हणून." ताईंनी भिंग पुसलं. "मी आणि माझा धाकटा भाऊ एकाच अंथरुणात तापाने पडलो होतो. दीड वर्षाचा होता. मी उठले."

नवी आत येऊन म्हणाली, "तुम्ही इथे लागलात तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. मला टोचलेली लस तुमच्याच हाताखालून गेली असेल."

"गेली असेल," ताई म्हणाल्या.

त्यांना बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. समोरच्या पोरीचे भरलेले गाल आणि धडधाकट दंड त्यांना दिसत होते, आणि तो वाचला असता तर कसा दिसला असता हे त्यांना काही केल्या डोळ्यांसमोर आणता येत नव्हतं.

त्या खुर्चीतून उठल्या. "बस. आणि दिवा डावीकडून घे. उजवीकडून घेतलास तर सावलीलाच छिद्र समजशील."

नवी बसली, दिवा डावीकडे ओढला आणि मोजू लागली. ती अगदी बरोबर मोजत होती. ताईंना तेही बघवत नव्हतं, पण तिचा शेवटचा खळगा मोजून होईपर्यंत त्या तिच्या खुर्चीमागून हलल्या नाहीत.