चिरलेल्या फांदीशी गाठ

मित्रांनो, मी एक जुना दोर आहे. विहिरीवरचा नव्हे, गुरे बांधायचाही नव्हे. उंच झाडांवर चढून धोक्याच्या फांद्या उतरवणारी माणसे ज्याच्यावर जीव टांगतात, तो मी.

कारखान्यात यंत्रांच्या खडखडाटात मला विणले. आत मऊ धाग्यांचा गाभा आणि वर निळी-पांढरी घट्ट वीण. तिथून मी शहरातल्या झाडांची निगा राखणाऱ्या तुकडीत आलो. तुकडीतला सगळ्यात तरबेज गडी म्हणजे दादा. त्याची धाकटी बहीणही तिथेच होती. तिला सगळे छोटी म्हणत. चढायला तिला दादानेच शिकवले. काम संपले की दादा माझ्यावरचा चीक पुसून मला सावलीत वाळवायचा. "हा माझा पाठचा भाऊ," म्हणायचा. तेव्हा माझी छाती फुगायची. दोराला छाती नसते म्हणा!

पुढे छोटीने तुकडीप्रमुखाचे प्रशिक्षण घेतले. कोणते झाड राखायचे, कोणते उतरवायचे, माणूस वर कधी पाठवायचा, हे प्रमुखाने ठरवायचे असते. स्वतः मात्र चढायचे नसते. तिला तेच जड जात होते. "तुझे पाय आधी धावतात, डोकं मागून येतं," शिकवणाऱ्या बाई तिला म्हणत.

शेवटची परीक्षा दवाखान्याच्या आवारातल्या एका अवाढव्य झाडापाशी होती. छोटी प्रमुख, दादा वर, आणि गरज पडली तर चढायला तुकडीतलाच लंबू खाली तयार. बाई बाजूला उभ्या राहून नुसत्या पाहत होत्या.

दादाने करवतयंत्र चालवले. फांदी अर्धी कापली गेली असेल-नसेल, तोच कडाड् आवाज झाला. फांदी उभी चिरली, पण सुटून पडली नाही. झुकता झुकता तिने दादाचा पाय खोडाशी दाबून धरला. मी ताडकन ताणला गेलो आणि चिरेच्या धारदार कडेवर आलो. दादा कळवळून हलला की मी त्या कडेवर घासला जाई. माझा एकेक धागा तुटू लागला. मला ओरडता येत नव्हते.

"छोटे, वर ये! लवकर ये!" दादा ओरडला.

तिने कमरेचा पट्टा आवळला. एक पाय खोडाला लावलासुद्धा. मग ती थबकली आणि वर पाहू लागली. तिची नजर दादाच्या पायावरून फांदीवर आणि फांदीवरून माझ्यावर आली. माझे पिंजलेले धागे तिला दिसले. तिने पाय मागे घेतला.

"लंबू, तू जा. दुसरा दोर पलीकडच्या फांदीवरून घे. ह्या दोरावर अजिबात भार देऊ नकोस."

"तोवर मी फांदीच कापतो!" दादाने पुन्हा यंत्र सुरू केले.

"दादा, बंद कर ते! फांदी सुटली तर दोर तोडून जाईल."

"तू मला शिकवतेस?"

"हो! आज खाली मी आहे. बंद कर!"

 यंत्राची घरघर आणखी क्षणभर चालली. मग दादाने यंत्र बंद केले.

"आता खोडाला मिठी मार. हलू नकोस. माझ्याशी बोलत राहा."

"काय बोलू?"

"आईला काय सांगायचं ते ठरव."

"जिन्यावरून पडलो म्हणून सांग," दादा दात आवळून म्हणाला.

लंबू चढत होता आणि माझी वरची वीण उसवत होती. आता सगळा भार गाभ्यावर आला होता. किती वेळ टिकेन, मलाच ठाऊक नव्हते. अखेर लंबूने दुसरा दोर दादाच्या पट्ट्यात अडकवला आणि मी सैल झालो. फांदी बांधून वर ओढली, तेव्हा पाय सुटला. घोटा मोडला होता, पण दादा जिवंत खाली आला. दवाखाना तर दारातच होता!

 बाई छोटीजवळ आल्या. "काय चुकलं?"

"फांदीच्या बेचक्यात जुनी चीर होती. दादाला वर पाठवण्याआधी मला ती दिसायला हवी होती."

"परीक्षा पुन्हा द्यावी लागेल."

"देईन."

तिने ती दिली आणि पासही झाली. मला मात्र तिने स्वतःच्या हाताने कापले. चुकूनही कुणी माझ्यावर पुन्हा चढू नये म्हणून. दुखले, पण राग आला नाही. राग आला तो नंतर, गोदामात रंगाचे डबे माझ्या तुकड्यावर चढले तेव्हा! छोटी शिकवू लागली तेव्हा तिनेच मला शोधून काढले. आता ती होऊ घातलेल्या प्रमुखांना डोळे मिटायला सांगते आणि मला त्यांच्या हातात देते. बोटे फिरता फिरता एका जागी अडतात. तिथेच त्या दिवशी माझी वीण उसवली होती.

मित्रांनो, तुम्ही ज्याच्यावर विसंबता, त्याला दुखले तरी सांगता येईलच असे नाही. म्हणून भार टाकण्याआधी त्याच्यावरून एकदा मायेने हात फिरवा. आणि खालून कुणी "थांब" म्हणाले, तर ते वयाने धाकटे आहे म्हणून कानाआड करू नका. दादाने ऐकले. म्हणून तो आज लंगडत का होईना, आपल्या पायांनी घरी जातो.