तुफूलच्या लग्नरात्रीची सीडी

कॉम्प्युटरच्या सीडी रायटरने आणखी एक सीडी वाया घालवली आणि जीभ काढून दाखवावी तसा ट्रे बाहेर ढकलला. थुमनाने त्याला तोंडभर शिवी दिली, मग शुक्रवार आहे हे आठवून स्वतःची जीभ चावली. पाकिटात आता एकच कोरी सीडी उरली होती. दुकानं दुपारच्या नमाजानंतर मालकांची झोप झाली की उघडणार, आणि संध्याकाळच्या विमानाने तुफूल नवऱ्याबरोबर ऑस्ट्रेलियाला जाणार.

सलाला शहरात बायकांच्या लग्नरात्रीचं चित्रण करायचं तर ते थुमनानेच, असा तिचा लौकिक होता. त्या रात्री बायका डोक्यावरचं काढतात, केस मोकळे सोडतात, मनसोक्त नाचतात. कॅमेरा बाईचा, कॉम्प्युटर बाईचा, आणि सीडी नवरीच्या हातात पडली की थुमना आतलं सगळं पुसून टाकते. कुठल्याही पुरुषाच्या नजरेला आजवर त्यातलं काही पडलेलं नव्हतं. नावलौकिक होता तो याच गोष्टीचा, आणि आज गळ्याशी आलं होतं तेही याच गोष्टीमुळे. कॉम्प्युटर दुकानात न्यायची सोय नव्हती.

त्यात ही सीडी तुफूलच्या आईसाठी. महिन्यापूर्वी तिचा नवरा गेला. जाताना बजावून गेला, माझ्यापायी पोरीचं लग्न पुढे ढकलाल तर याद राखा. लग्न ठरल्या दिवशी झालं, पण आई इद्दतीत, नवरा गेल्यावर बाईने घरात पाळायच्या चार महिन्यांच्या शोकात. उंबरठा ओलांडायचा नाही, ढोलाच्या जागी जायचं नाही. पोटच्या पोरीला तिने नटूनथटून दारातून निघताना पाहिलं तेवढंच. आज जायच्या आधी दोघी मायलेकी शेजारी बसून ती रात्र पाहणार होत्या.

आणखी एक गोष्ट थुमनाच्या मनाला टोचत होती. काल तुफूल स्वतः येऊन सांगून गेली होती, "मी नाचले तेवढं काढून टाक. बाबांना जाऊन जेमतेम महिना आणि मी कशी खिदळत होते! आईनं ते पाहिलं तर मी कुठे तोंड लपवू?" थुमनाने काढून टाकलं. गिऱ्हाइकाचं ऐकायचं, आपलं डोकं चालवायचं नाही, हा तिचा नियम होता. तरी रात्रभर तिला नीट झोप लागली नाही.

शेवटी तिने भावाला फोन केला. बखीत बंदरावर कामाला होता, पण नात्यातल्या झाडून सगळ्यांच्या यंत्रांचा हकीम तोच. आला तो दारातूनच ओरडत आला, "डोळ्यांवर पट्टी बांधू की कपाटात बसू?"

"भिंतीकडे तोंड करून बस. वळलास तर चुलत्यांच्या पोरींसकट सगळ्या बायका तुला सोलून काढतील."

बखीत उशी घेऊन भिंतीकडे तोंड करून बसला. "हं. काय म्हणतंय तुझं लाडकं?"

"अर्ध्यावर येतं आणि एरर म्हणतं. मग सीडी बाहेर."

"जुनी सीडी लावली तर चालते?"

"चालते. वाचायला तयार, लिहायला सांगितलं की अंग काढून घेतं."

"तुझ्या नवऱ्यावर गेलंय."

"माझ्या नवऱ्याचं नाव काढू नकोस. त्याच्याच घरचं मटण खाऊन एवढा फुगलायस."

बखीतने एकेक सांगायला सुरुवात केली. बाकीचं सगळं बंद कर. वेग सगळ्यात कमी ठेव. सीडी घाल, पण खरं लिहू नकोस, आधी खोटंखोटं लिहून बघ, त्यात सीडी वाया जात नाही, तशी सोय आहे. थुमना करत गेली. खोटंखोटं लिहितानाही यंत्र तिथेच अडलं.

"सीडी निर्दोष आहेत म्हणायच्या," बखीत म्हणाला. "उगाच शिव्या खाल्ल्या बिचाऱ्यांनी. बंद कर, वायर काढ, डबा इकडे आण."

"कॉम्प्युटरच उचलून तिच्या घरी नेला तर?"

"ने की. तुफूल गेल्यावर तिच्या आईनं मग काय बघायचं, माझं तोंड?"

स्क्रीन काळी झाली तेव्हा कुठे बखीतला वळायची परवानगी मिळाली. त्याने स्क्रू काढले, केबल काढून पुन्हा बसवली, मग अख्खा रायटरच बाहेर काढून खिडकीशी नेला. तिथे तो थबकला. नाक जवळ नेलं. पुन्हा नेलं.

"थुमना, याला वास कसला येतोय?"

"कसला?"

"लोबानाचा! अख्खं धुपाटणं गिळून बसलंय हे."

थुमनाचा चेहरा उतरला. संध्याकाळी मगरिबच्या नमाजानंतर घरभर लोबानाचा धूर फिरवायचा ही रीत सगळ्यांचीच. पण वर्षापूर्वी एका लग्नात कुणीतरी तिला म्हणालं होतं, बाई, तुझ्या मशीननं तर तुझं नशीबच काढलं. त्या दिवसापासून तिने मुलांना धूर दिला की कॉम्प्युटरलाही द्यायला सुरुवात केली होती. मुलांपेक्षा जास्त वेळ.

"दृष्ट लागू नये म्हणून," ती पुटपुटली.

बखीत पोट धरून हसला. "अगं वेडे, आतला पंखा धूर ओढून घेतो! ते बघ भिंग. राळेचा थर बसलाय. वाचायला उजेड थोडा पुरतो, लिहायला जोर लागतो, तो यातून जाणार कसा? लोकांची दृष्ट राहिली बाजूला, तूच त्याला आंधळं केलंस!"

"हसून झालं असेल तर पूस."

कापसाच्या काडीला स्पिरिट लावून तो हलक्या हाताने भिंग पुसायला बसला. पिवळट डाग काडीवर उतरत होते. तेवढ्यात फोन वाजला. तुफूलची आई होती.

"आमिरच्या आई, होतंय, होतंय," थुमनाने तिला थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारून आधीच हात जोडल्यासारखा सूर लावला.

"होऊ दे गं सावकाश. तुफूल बॅगा भरतेय म्हणून आता फोन केला, तिच्यासमोर विचारवत नाही." पलीकडचा आवाज खाली आला. "तू तिथे होतीस. एवढंच सांग, पोरगी हसली का गं? जावा म्हणतात, अगदी शहाण्यासारखी मान खाली घालून बसली होती. त्यांना वाटतं मला बरं वाटेल. मला नुसतं कापरं भरतं."

एकीकडे तुफूलला दिलेला शब्द, दुसरीकडे ही बाई. "तुम्ही स्वतःच बघाल ना आज," एवढंच ती कशीबशी म्हणाली.

बखीतने रायटर बसवून दिला आणि मुकाट्याने भिंतीकडे तोंड केलं. खोटंखोटं लिहिणं या खेपेला शेवटपर्यंत गेलं. तो म्हणाला, "आता खरं लिही. कसली वाट पाहतेस?"

थुमना सीडी हातात धरून बसली होती. काढून टाकलेला नाच अजून कॉम्प्युटरमध्ये होता. तो परत जोडायचा तर यंत्राला सगळी फिल्म नव्याने बांधायला लागणार, म्हणजे दुपार गेलीच.

"बखीत, एक तुकडा परत घालायचाय. जिचा आहे ती नको म्हणालीय."

"मला काही सांगू नकोस, मी भिंत आहे." मग जरा थांबून तो म्हणाला, "तू मात्र कालपासून खात नाहीयेस असं तुझा नवरा म्हणत होता."

थुमनाने तुकडा परत घातला. फिल्म बांधली जाईपर्यंत बखीत जेवला, भिंतीकडे तोंड करूनच घोरला. मग शेवटची सीडी आत गेली. थुमना श्वास धरून पाहत राहिली. ट्रे आपणहून, सभ्यपणे बाहेर आला, आणि स्क्रीनवर काम झाल्याची पाटी होती. तिने सीडीचं चुंबन घेतलं. बखीतची गाडी त्या दिवशी सलालाच्या रस्त्यावरून ज्या वेगाने गेली, त्याचा उल्लेख न केलेला बरा.

तुफूलच्या घरी बॅगा दाराशी लागल्या होत्या. पुरुष बाहेर अंगणात बसले होते. आई टीव्हीसमोर, शेजारी तिला चिकटून तुफूल. थुमनाने सीडी लावली आणि दाराजवळ उभी राहिली.

नवरी आली, बसली, मान खाली. मावश्या येऊन कपाळाचं चुंबन घेऊन गेल्या. आईने ओढणीचं टोक तोंडाशी धरलं. मग ढोल घुमला, मामेबहिणीने नवरीला हात धरून ओढलं, हिरव्या मखमली झग्याचा घोळ उचलून तुफूल उठली, आणि दोन गिरक्यांत तिचे केस सुटून पाठीवर पसरले. ती हसली. खळखळून, मान मागे टाकून, सगळे दात दिसतील असं.

"थुमना!" तुफूल ओरडली. ती रिमोटकडे झेपावली, पण आईने तिचं मनगट धरलं.

"राहू दे."

"आई, मी बाबांना विसरले नव्हते गं. ते कसं झालं मला..."

"गप." आईची नजर टीव्हीवरून हलली नाही. गालांवरून पाणी वाहत होतं आणि ओठ हसत होते. "त्या रात्री मी इथे जागी होते. लांबून ढोल ऐकू यायचा. वाटायचं, तिथे माझी पोर माझ्यासारखीच मान खाली घालून बसलीय. तिच्या आयुष्यातली एक रात्र, तीही आम्ही आईबापांनी खाल्ली." तिने थुमनाकडे पाहिलं. "मागे घे गं जरा. केस सुटतात तिथून."

थुमनाने मागे घेतलं. तुफूल पुन्हा नाचली, पुन्हा हसली. बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, कुणीतरी हॉर्न वाजवला. तुफूलने आईच्या मांडीत डोकं खुपसलं.

"मी नाही जात. तुझी इद्दत संपेपर्यंत इथेच बसते तुझ्याजवळ."

आईने तिचे केस दोन्ही हातांनी मागे सारले आणि चेहरा वर केला.

"तुझ्या बाबांसाठी बसायला मी आहे," ती म्हणाली. "तू ऊठ."