तेरा ते अठरा

दातवालीचं लग्न झालं तेव्हा ती एकोणचाळीस वर्षांची होती, आणि लग्नाचा विचार तिने केव्हाच गुंडाळून माळ्यावर टाकला होता. ती कवळ्या बनवायची. दातांचे डॉक्टर लोकांच्या हिरड्यांची मापं पाठवत. त्यावरून ती प्लास्टरचा साचा ओतायची, मेणाच्या हिरडीत एकेक दात बसवायची आणि सगळं जमलं की गुलाबी प्लास्टिकमध्ये पक्कं करून पॉलिश मारायची. "माझं पोट दुसऱ्यांच्या दातांवर चालतं," असं कुणी विचारलं की सांगायची आणि स्वतःच आधी हसून घ्यायची. लॅब चौथ्या मजल्यावर होती. तिथली लिफ्ट सारखी बंद पडायची, आणि ती दुरुस्त करायला जो माणूस यायचा त्याच्याशी तिचं जमलं. माणूस कमी बोलणारा, ग्रीसचे हात स्वच्छ धुऊन मगच चहाच्या कपाला हात लावणारा. त्याची बायको तीन वर्षांपूर्वी आजारपणात गेली होती. मुलगी होती एक, चौदा वर्षांची. लहानपणी गाल भरून खायची म्हणून तो तिला खारू म्हणायचा आणि तेच नाव घरात चिकटलं होतं.

खारूने लग्नाला विरोध केला नाही. नोंदणीच्या कचेरीत ती साक्षीदारांच्या मागे उभी राहिली, सांगितलं तेव्हा फोटोत आली, आणि घरी येऊन बूटही न काढता पुस्तक उघडून बसली.

ती दातवालीला कुठल्याच नावाने हाक मारत नसे. आई नाही, मावशी नाही, शेजारपाजारच्या बायकांना म्हणतात तसं काकूसुद्धा नाही. स्वतःच्या आईला ती 'ए आई' म्हणायची, हे दातवालीला नवऱ्याकडून कळलं होतं. हिच्या वाट्याला नुसतं 'तुम्ही', आणि तेही अगदीच इलाज नसेल तेव्हा. एरवी मीठ संपलंय, गिझर चालू राहिलाय, असं ती भिंतीला सांगितल्यासारखं सांगायची. बाकी वागण्यात बोट ठेवायला जागा नव्हती. उलट उत्तर नाही, दार आपटणं नाही. दातवालीला कधीकधी वाटे, हिने एकदा आपटावं दार. निदान दार आहे हे तरी कळेल.

खारू सतत वाचायची. जेवताना पुस्तक पाण्याच्या जगला टेकवून, दात घासताना आरशाखाली उघडं ठेवून, जिना चढताना एका हाताने कठडा धरून. शेवटचं पान ती आधी वाचायची. बापाने एकदा विचारलं होतं, मग पुढे वाचण्यात राम काय उरला? तेव्हा ती म्हणाली होती, कोण मरतं ते आधी कळलेलं बरं. बापाने पुन्हा तो विषय काढला नाही.

दातवालीला वाचनाचा नाद नव्हता. शाळा सुटली तशी पुस्तकं सुटली होती. पण एक दिवस खारू सोफ्यावर पुस्तक विसरून शाळेत गेली आणि दातवाली रजा घेऊन घरी होती. पोरीशी बोलायला काहीतरी धागा मिळेल, एवढ्याच हेतूने तिने ते उचललं. मामाच्या मासेमारीच्या बोटीवर पळून गेलेल्या मुलीची गोष्ट होती. दुपारी गॅसवरचं दूध उतू जाऊन करपलं तेव्हा दातवालीला कळलं की आपण पाऊण पुस्तक संपवलंय. खारू यायच्या आत तिने पुस्तक होतं तसं, त्याच कोनात, सोफ्यावर ठेवलं. उरलेलं पाव पुस्तक तिला चैन पडू देईना. मग तिने बाजारामागच्या वाचनालयात स्वतःचं नाव घातलं.

वाचनालयात एका कपाटावर 'वय तेरा ते अठरा' अशी चिठ्ठी होती. ग्रंथपालबाईंनी विचारलं, मुलीसाठी का? दातवाली हो म्हणाली. पुढे बाई नवीन आलेलं पुस्तक तिच्यासाठी बाजूला काढून ठेवू लागल्या आणि तुमची मुलगी फार चांगलं वाचते हो, असं कौतुक करू लागल्या. दातवाली तेही ऐकून घ्यायची.

ती लॅबमध्ये जेवणाच्या सुट्टीत वाचायची, ओळीखाली बोट सरकवत, पुस्तकाला जुन्या वर्तमानपत्राचं वेष्टन घालून. लॅबचे मालक चेष्टा करायचे की ताईंची परीक्षा जवळ आलेली दिसते. तिला स्वतःलाच नवल वाटायचं. तिचं स्वतःचं पंधरावं-सोळावं वर्ष धाकट्या भावंडांचे डबे भरण्यात कुठे गडप झालं, ते तिला आठवतही नव्हतं. या पुस्तकांतल्या पोरी मात्र एका दुखावलेल्या शब्दावर चार-चार पानं विचार करायच्या. आधी तिला ते चोचले वाटले. मग हळूहळू वाटू लागलं की खरं आहे यांचं, दुखतं तेव्हा चार पानं दुखतंच. आपण फक्त मोजायला बसलो नाही. एकदा ग्रंथपालबाईंनी आग्रहाने मोठ्यांची एक कादंबरी दिली. ती तिने अर्धी वाचून परत केली. त्यातल्या माणसांना सगळ्याची सवय झाली होती. तेरा ते अठरामधल्या कुणालाच अजून कशाची सवय झालेली नव्हती, आणि म्हणून ती त्यांच्याकडे परत परत जायची.

पण वाचता वाचता एक गोष्ट तिच्या ध्यानात आली, आणि मग ती डोक्यातून जाईना. या पुस्तकांतली आई बहुतेक मेलेलीच असायची. पहिल्या काही पानांतच जायची आणि मग शेवटपर्यंत तिच्यावर ओरखडाही उठत नसे. बाप भला, पण कामात बुडालेला. आणि मग घरात एक बाई यायची. बाई वाईटच असेल असं नाही, पण यायची आणि पहिल्याच आठवड्यात स्वयंपाकघर बदलायची. दातवालीने स्वयंपाकघर बदललं होतं. कप हाताशी असावेत म्हणून तिने ते वरच्या फळीवरून ओट्याजवळच्या खुंट्यांवर आणले होते. पुस्तक मिटून त्याच संध्याकाळी तिने सगळे कप पुन्हा वरच्या फळीवर नेले.

खारूने पाणी प्यायला आल्यावर पाहिलं. "आई खालच्या खणात ठेवायची," ती म्हणाली. "वरती बाबाने नंतर ठेवलेले." आणि पाणी पिऊन निघून गेली.

पुस्तकातलं घर आणि हे घर एक नाही, हे एवढ्यावरून दातवालीने समजून घ्यायला हवं होतं. पण तिला उलटं वाटलं. तिला वाटलं, पोरगी आज स्वतःहून आईबद्दल बोलली. पुस्तकांतून काहीतरी सापडतंय आपल्याला, असं तिला वाटलं.

आता ती वेगळ्या नजरेने वाचू लागली. कुठल्या पुस्तकातल्या मुलीला काय बोललेलं आवडलं, कशाने ती चिडली, कुठल्या मोठ्या माणसावर तिने विश्वास टाकला आणि का. मेणात दात बसवताना आधी माणसाचा जबडा कसा मिटतो ते पाहावं लागतं, नाहीतर कवळी कितीही सुबक असली तरी बोचते. तसंच हे, असं तिने स्वतःला सांगितलं. खोलीत शिरताना दार वाजवायचं आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं, हे ती पुस्तकातूनच शिकली. 'आम्हीही तुझ्या वयाचे होतो' हे वाक्य कधी म्हणायचं नाही, हेही. आणि या गोष्टी लागू पडत होत्या. खारू तिच्या शेजारी बसून जेवायला लागली. एकदा तिने शाळेतल्या बाईंची नक्कल करून दाखवली, बापाला दाखवायची तशी. लिफ्टवाला त्या दिवशी इतका खुशीत होता की भांडी त्याने घासली.

एका रविवारी दुपारी बाप कुठल्याशा इस्पितळाची अडकलेली लिफ्ट सोडवायला गेला होता आणि दोघी वाळलेल्या चादरींच्या घड्या घालत होत्या. दोन टोकं हिच्या हातात, दोन तिच्या. जवळ यायचं, टोकं द्यायची, मागे जायचं. अशा वेळी बोलणं सोपं जातं. दातवालीने बरेच दिवस मनात घोळवलेलं वाक्य उच्चारलं.

"तुझ्या आईबद्दलचं असं काहीतरी सांग, जे तुला अजून कुणी विचारलंच नाही."

खारू थांबली. मग चादरीकडे बघत सांगू लागली. आई शिट्टी वाजवायची. घरात नाही, घरात बाबाला आवडत नसे. जिन्यात वाजवायची, कामावरून येताना, म्हणजे खारूला वरती कळावं आणि तिने दार उघडावं. शेवटी शेवटी शिट्टी वाजेनाशी झाली, नुसती हवा यायची. तरी ती फुंकायची आणि खारू ऐकू आल्यासारखं करून दार उघडायची. हे सांगताना पोरीचा चेहरा वेडावाकडा झाला, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती या बाईसमोर रडली. दातवालीने चादर तशीच धरून ठेवली. पुढे जाऊन जवळ घ्यायचं नाही, हेही तिने वाचलेलं होतं.

मग रडता रडता खारू गप्प झाली. डोळे पुसले. "तुम्ही मघाशी काय म्हणालात?" तिने विचारलं.

खारू आत गेली आणि एक पुस्तक घेऊन आली. त्यातली पोहायला शिकवणारी बाई आई गेलेल्या मुलीला तलावाच्या काठावर हेच विचारते. शब्दही तेच. खारूने ते पान उघडून धरलं.

"किती वाचलीत?" तिचा आवाज अगदी खाली होता.

सगळी म्हणावीत तर सगळी नव्हती. पण दातवालीला खोटं बोलता आलं नाही. तिने सांगितलं की वाचनालयातून आणते, की आधी नुसतं तुझ्याशी बोलायला म्हणून वाचलं, मग मलाच आवडायला लागली. हे शेवटचं खरं होतं, पण त्या वेळी तेच सगळ्यांत खोटं वाटलं.

"दार वाजवून थांबणं," खारू म्हणाली. "ते पण?"

"ते पण."

"मला वाटलं, ते तुमचं आहे."

ती आरडाओरडा करेल असं दातवालीला वाटलं होतं. तिने केला नाही. चादरीची राहिलेली घडी घातली, कपाटात ठेवली, आणि म्हणाली, "या पुस्तकांत दुसरं कुणी नव्हतं. तिथे मी एकटी होते." आणि आपल्या खोलीत गेली.

त्या दिवसानंतर खारूने वाचणं सोडलं. रागाने सोडलं असतं तर राग ओसरल्यावर पुन्हा धरलं असतं. पण तिला आता जमेचना. ती पुस्तक उघडायची आणि थोड्या वेळाने मिटायची. एकदा बापाने विचारलं तेव्हा ती म्हणाली की वाचायला घेतलं की मागून कुणीतरी वाचतंय असं वाटतं. जेवताना ती आता ताटाकडे बघायची. शाळेच्या अभ्यासात मार्क वाढले. लिफ्टवाल्याला आधी ते बरं वाटलं. मग त्याच्या लक्षात आलं की घरात पान उलटल्याचा आवाज येत नाही, आणि काय झालं ते त्याने दातवालीकडून खोदून काढलं. तो चिडला नाही. "घरात बोलत नव्हती," तो एवढंच म्हणाला, "पण वाचत तरी होती." आणि हत्यारांची पेटी उचलून कामाला गेला. त्या वाक्याचं पुढे दोघांनी काहीच केलं नाही. ते तसंच घरात राहिलं, भिंतीतल्या ओलीसारखं.

दातवालीने माफी मागून पाहिली. स्वतःच्या शब्दांत मागायची म्हणून ती लॅबमध्ये पॉलिशच्या चाकासमोर शब्द जुळवत बसायची, पण कुठलाही शब्द जुळवला की तो कुठेतरी वाचलेला वाटायचा. शेवटी ती नुसतंच "माझं चुकलं" म्हणाली. खारू म्हणाली, "असू दे." दोघींनाही माहीत होतं की हे दोन्ही शब्द सगळेच वापरतात.

शाळा संपल्यावर खारूने पुढच्या शिक्षणासाठी दुसऱ्या शहरात मावशीकडे राहायचं ठरवलं. इथेही तोच अभ्यासक्रम होता, पण हा मुद्दा कुणी काढला नाही. निघताना तिने बापाला सांगितलं की पुस्तकं रद्दीत घाल. दातवाली लॅबमधून परतली तेव्हा आतल्या खोलीतलं शेल्फ रिकामं होतं. रद्दीवाला वजनावर घेऊन गेला होता. नवरा म्हणाला, तिनेच सांगितलं होतं. दातवालीला ती पुस्तकं ठेवून घ्यावीशी वाटत होती, पण कोणत्या नात्याने ठेवणार?

पुढच्या हिवाळ्यात खारूचे जाड कपडे घरीच राहिले होते. लिफ्टवाल्याला रजा नव्हती, म्हणून दातवाली ते घेऊन बसने गेली. मावशीने दार उघडलं. मावशी म्हणजे खारूच्या आईची सख्खी बहीण. हसताना ती घरच्या भिंतीवरच्या फोटोतल्या बाईसारखीच दिसली आणि दातवालीने नजर पिशवीकडे वळवली. खारू वर्गातल्या एका मैत्रिणीबरोबर अभ्यास करत होती. ती उठली, पिशवी घेतली, प्रवास कसा झाला ते विचारलं. मैत्रिणीने कोण म्हणून पाहिलं तेव्हा खारूने ओळख करून दिली.

"या बाबाच्या मिसेस."

मैत्रिणीने नमस्कार केला. दातवालीनेही केला. ओळख चुकीची नव्हती, त्यामुळे त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं.

मावशीने चहा केला. मुली आत गेल्यावर ती आवाज उतरवून म्हणाली, "पोरगी गुणी आहे हो. पण दिवा मालवला तरी झोपत नाही. छताकडे बघत पडते. लहानपणी पुस्तकातून मान वर काढायची नाही म्हणून आमची ताई तिला रागवायची. आता मीच आणून देते काहीबाही, तर हात लावत नाही. तिकडे घरी काही झालं होतं का?"

दातवाली काय सांगणार होती? मी तिची पुस्तकं वाचली, हे कुणाला सांगितलं असतं तर त्यात गुन्हा कुठे आहे तेच कळलं नसतं. "वय असतं तसं," ती म्हणाली, आणि बोलून झाल्यावर तिला स्वतःचाच आवाज परका वाटला.

परतीची बस असल्याने ती लवकर उठली. कप घेऊन मोरीकडे गेली आणि सवयीने विसळू लागली. खारू पाण्याचा आवाज ऐकून बाहेर आली आणि तिच्या हातातून कप काढून घेतला.

"राहू द्या," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, अगदी घरच्या वळणाची सभ्यता होती. "पाहुण्यांनी नाही धुवायचं."

दातवालीने ओले हात रुमालाला पुसले आणि ती जिना उतरली.